आम्सलरबाईंचं पितळी पंचक

माझी सव्वीस वर्षं हिंटराऊच्या भूमी अभिलेख कचेरीत गेली आहेत. त्यामुळे कुणी मला गोड बोलून आलुबुखारचा केक खायला बोलावलं, की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, यांचं कुंपण शेजाऱ्याच्या बागेत किती घुसलं आहे? सप्टेंबरात आम्सलरबाईंचं कार्ड आलं, 'रविवारी चार वाजता ये, केक आहे', तेव्हा तर माझी झोपच उडाली. बाई भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात, त्यांना कुंपणच नाही. म्हणजे प्रकरण कुंपणाहून मोठं असणार.

आम्सलरबाई आमच्या चौथीच्या बाई. एकोणीसशे चौतीस साली त्यांनी मला शिकवलं. त्याला आता एकोणचाळीस वर्षं झाली, तरी रस्त्यात दिसल्या की माझा हात आपोआप खिशातून बाहेर येतो आणि मी नखं स्वच्छ आहेत का ते बघतो.

गेलो तर तिथे आणखी तिघं चेहरा पाडून बसलेले. औषधांच्या दुकानाचा ओथमार, दूध डेअरीचा मेल्क आणि सलूनवाला वाल्टी. वीस मिनिटांनी फ्रिडोलिन आला. हा रेल्वेत आहे आणि सगळीकडे उशिरा पोचतो. आमच्या देशात असा रेल्वेवाला हा एकच असावा. पाचही जण बाईंच्या एकाच वर्गातले आणि पाचही जण गावच्या बँडमध्ये. ओथमार आणि मेल्क ट्रम्पेट वाजवतात, फ्रिडोलिन हॉर्न, वाल्टी ट्रॉम्बोन आणि मी ट्यूबा. माझ्या मनात पाल चुकचुकली. केकला बोलावताना कुणी बँड मोजून बोलावत नाही.

बाईंनी प्रत्येकाला दोन तुकडे वाढले, ते संपेपर्यंत समोर उभ्या राहिल्या आणि मग कपाटातून कागद काढले.

"अकरा वर्षं लिहितेय," त्या म्हणाल्या. "पाच पितळी वाद्यांसाठी आहे. नाव 'हजेरी'. तुमच्या बँडमास्तरांना दाखवलं, तर त्यांनी कागद तिरका छापला गेला आहे काय असं विचारून परत पाठवलं."

आम्ही कागद बघितले. मला बँडमास्तरांबद्दल एकदम आपुलकी वाटली.

"बाई, हे नव्या पद्धतीचं दिसतंय," ओथमार सांभाळून म्हणाला.

"नवीनच आहे. मी म्हातारी असले म्हणून संगीत कशाला म्हातारं पाहिजे? वीस ऑक्टोबरच्या शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये वाजवायचं. बावीसला माझ्या उजव्या कानाचं ऑपरेशन आहे. डावा गेलाच आहे. डॉक्टर म्हणतात, उजवा राहील किंवा जाईल, सांगता येत नाही. जायचा तर जाऊ दे. पण अकरा वर्षं मी हे नुसतं कागदावर ऐकतेय. एकदा हवेतून ऐकायचंय."

यावर कोण नाही म्हणणार? बाईंना नाही म्हणायचं आम्ही चौथीत शिकलो नाही ते नंतरही शिकलो नाही.

घरी येऊन मी माझा कागद नीट बघितला. एकच पान होतं. सुरुवातीला पाचही जणांनी वाद्यांतून नुसती फुंकर मारायची, सूर काढायचा नाही. त्यानंतर इतर चौघं आपापलं वाजवणार आणि मी चौसष्ट आवर्तनं गप्प बसणार. त्यातली शेवटची सोळा तर सगळेच गप्प. मग अगदी तळातला एकच सूर, फक्त माझा. त्याच्यावर बाईंच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'स्वतः मोजून.' मी पान उलटलं. मागे कोरं होतं.

माझी बायको एल्सबेथ खांद्यावरून बघत होती.

"म्हणजे तू तो एवढा डबा खांद्यावर मारून जाणार, फुंकर मारणार, गप्प बसणार, आणि एकदा भों करून घरी येणार?"

"हे आधुनिक संगीत आहे, एल्सबेथ."

"असेल. पण गप्प तर तू इथे जेवतानाही बसतोस. त्याला ट्यूबा लागत नाही."

मी कागदाची घडी घातली. पण खरं सांगतो, मला तेव्हापासून संशय यायला लागला होता, की हे संगीत नाही. यात कुठेतरी पाणी मुरतंय.

पहिली तालीम आमच्या घरी ठेवली. आमची इमारत नुसबाउमवेग या रस्त्यावर चौदा नंबरची, सहा बिऱ्हाडं, तेवीस माणसं, आणि दाराच्या आतल्या बाजूला एक्केचाळीस कलमांची नियमावली. सतरावं कलम सांगतं, की वाद्य वाजवायचं ते दुपारी तीन ते सहा या वेळातच, आणि एका घरात एका वेळी एकच. मी हुशारीनं विचार केला, आपण फुंकरीपासून सुरुवात करू. फुंकर म्हणजे वाजवणं नव्हे. भूमी अभिलेखात राहून माणसाला एवढं वाचता येतं.

दहा मिनिटांत घंटा वाजली. दारात खालच्या मजल्यावरची फ्राऊ स्टायनेगर. आमच्याकडे बाईला फ्राऊ आणि पुरुषाला हेर म्हणायची रीत आहे. इमारतीच्या धुलाईघराची किल्ली आणि कुणी कोणत्या दिवशी कपडे धुवायचे याचा तक्ता हिच्या ताब्यात असतो, म्हणजे थोडक्यात सरकारच.

"हेर हुन्झिकर, पाच माणसं वर गेली. पाच पेट्या वर गेल्या. मी मोजल्या."

"तालीम आहे."

"मग आवाज कुठाय?"

"आवाजाचा त्रास नको म्हणूनच…"

"आवाजाचा त्रास झाला तर त्याला कलम आहे. मी नियमानुसार छताला झाडू ठोकते, तुम्ही थांबता, आणि आपले संबंध चांगले राहतात. पण दहा मिनिटं पाच पुरुष पेट्या उघडून बसलेत आणि आवाज नाही, याला मी काय समजायचं?"

तिनं माझ्या मागे डोकावून पाहिलं. ओथमार गाल फुगवून बसला होता, वाल्टीनं ट्रॉम्बोनच्या तोंडात फडकं कोंबलं होतं, आणि फ्रिडोलिन अजून आलाच नव्हता. म्हणजे तिनं मोजलेला पाचवा माणूस कोण होता हे मला आजतागायत कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी इमारतीचे केअरटेकर हेर बुखली मला जिन्यात भेटले. म्हणाले, तालमीसाठी बंकर घ्या. आमच्याकडे कायद्यानंच प्रत्येक इमारतीखाली बॉम्बपासून बचावाचा बंकर बांधावा लागतो. भिंती हातभर जाड, दार सिमेंटचं, हवा खेचायला हातानं फिरवायचा पंखा. बॉम्ब अजून पडला नसल्यामुळे आमच्या बंकरमध्ये सहा बिऱ्हाडांचे बटाटे, स्की आणि मुरंब्याच्या बरण्या आहेत. तिथून वर आवाज येणं शक्यच नाही. बुखलींनी एक अर्ज दिला. 'वापराचे कारण' या रकान्यात साठवण, वाळवण आणि युद्ध एवढ्या तीनच जागा होत्या. मी विचार करून 'साठवण' वर खूण केली. मालकांकडून नऊ दिवसांनी परवानगी आली, अट एकच, बटाट्यांना उजेड लागता कामा नये.

मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी पाच ते सहा. आम्ही खाली उतरायचो, दार ओढून घ्यायचो आणि बटाट्यांवर पोती घालून फुंकायला बसायचो. पाच पितळी नळ्यांतून एकदम हवा गेली की सिमेंटच्या खोलीत कसा आवाज होतो ते मला शब्दांत सांगता येणार नाही. एखादी प्रचंड म्हातारी जिना चढतेय असं काहीतरी. आम्हाला तो आवडायला लागला होता. फक्त एक गोष्ट आमच्या लक्षात आली नाही. बंकरच्या हवेची नळी बाहेर पडते ती अंगणात, धुलाईघराच्या दाराशी, बरोबर कपडे वाळत घालायच्या दोरीखाली.

तिसऱ्या आठवड्यात धुलाईघराच्या भिंतीवर चिठ्ठी लागली. 'काही रहिवाशांच्या निदर्शनास आले आहे की बंकरला धाप लागते. योग्य ठिकाणी कळविले आहे. – एक रहिवासी.' अक्षर हुबेहूब कपड्यांच्या तक्त्यावरचं होतं. मी तिथे उभा राहून दोन्ही कागद ताडून बघत होतो, तर मागून फ्राऊ स्टायनेगर आली.

"काय बघताय?"

"तक्ता. आमचा दिवस कुठला ते."

"एकोणीस वर्षं तुमचा बुधवारच आहे," ती म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की मलाच शंका आली, बुधवारी मी आणखी काय काय करत असेन?

गावात गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. एल्सबेथ रोज बेकरीतून पाव आणि बातम्या आणायची. आम्ही बंकरमध्ये चोरून आलुबुखारची दारू गाळतो, आणि आम्ही वर येताना शुद्धीत असतो हाच त्याचा पुरावा, एवढा सराईतपणा साधी माणसं दाखवत नाहीत. किंवा आम्ही नव्या पंथात गेलो आहोत, तिथे श्वासाची पूजा करतात. किंवा ओथमारच्या औषधांच्या दुकानात परदेशी बाटल्या येतात, त्यावरून बाकीचं ज्यानं त्यानं समजून घ्यावं. सव्वीस वर्षं मी या गावातल्या लोकांच्या हद्दी राखल्या आणि आता कचेरीत लोक मला 'बरे आहात ना?' असं विचारताना माझ्या तोंडाचा वास घ्यायला लागले. हे मला लागलं. दारूचं नव्हे, वास घेण्याचं.

मीही मग सगळ्यांवर नजर ठेवायला लागलो. बुखली तालमीच्या वेळीच नेमके जिना का पुसतात? तालमीच्या दिवशी ओथमारच्या दुकानात फ्राऊ स्टायनेगर खोकल्याचं औषध घ्यायला जाते, मला तर तिचा खोकला कधी ऐकू आला नाही. पण सगळ्यात मोठा संशय आमच्यातच निघाला, आणि तो काढला वाल्टीनं. सलूनवाला माणूस, त्याच्या हातात कात्री नसली तर तोंड चालू राहतं.

"अरे, तुम्हाला कळलं का, म्हातारीनं काय केलंय?" एका शुक्रवारी तो म्हणाला. "मी वर्गात बडबड करायचो. माझ्या ट्रॉम्बोनला अख्खा वेळ बोळा! फ्रिडोलिन उशिरा यायचा. त्याचा प्रत्येक सूर ठरल्या जागेच्या मागून. ओथमार आणि मेल्क एका बाकावर बसून ढोपरं मारायचे. त्यांचे सूर बघा, एकमेकांना इतके चिकटून की दात आंबतात. हे संगीत नाही, बाबांनो. ही शिक्षा आहे. चाळीस वर्षांनी दिलेली."

आम्ही आपापले कागद बघितले. मेल्कनं हळूच ढोपर आवरलं.

"आणि मी?" मी विचारलं. "माझं तर पान कोरंच आहे. मी वर्गात काहीच केलं नाही."

"तू कॉपी करायचास," वाल्टी म्हणाला.

"कोण? मी?"

"चौथीचा भूगोलाचा नकाशा. माझ्या कागदावर शाईचा डाग पडला होता, बर्नच्या वरच्या अंगाला. यानं बघून तिथे तळं काढलं. निळं रंगवलं पण!"

सगळे हसले. मी त्यांना शांतपणे सांगितलं, की त्या भागात त्या काळी पाणथळ जमीन होती आणि मी माझ्या माहितीनुसार तळं काढलं होतं. बाईंनी मला सहापैकी एक मार्क दिला होता, पण तो बाईंचा गैरसमज. यावर ते आणखी हसले. पाहिजे तर मी आजही नकाशा काढून दाखवेन.

वास्तविक यात माझ्यावर ठपका येण्यासारखं काही नव्हतं. चौसष्ट आवर्तनं मोजत बसायची गरज मला कधी वाटली नाही, एवढंच. वाल्टी मोजायचा, आणि माझी जागा आली की डावी भुवई वर करायचा. मी भुवईवर सूर सोडायचो. एकदाही चुकलो नाही. याला कॉपी म्हणत नाहीत, याला समन्वय म्हणतात.

'योग्य ठिकाण' म्हणजे नगरपालिका निघाली. तिथून हेर ग्लाउझर नावाचे बंकर तपासनीस आले. त्यांनी पंखा फिरवला, नळीला कान लावला, दाराची रबरी कड चिमटीत धरून बघितली.

"धाप केव्हा लागते?"

"मंगळवार-शुक्रवार, पाच ते सहा," फ्राऊ स्टायनेगर म्हणाली. तिनं तीन आठवड्यांची तारीखवार यादी आणली होती.

"आणि त्या वेळी आत कोण असतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, ती धाप नाही. ते आम्हीच," मी म्हणालो.

"तुम्ही काय?"

"फुंकतो. ट्यूबातून."

"मग सूर कसा येत नाही?"

"सूर काढायचा नाही असं लिहिलंय. हे बघा." मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"यात बहुतेक काहीच लिहिलेलं नाही."

"तेच वाजवतो," मी म्हणालो. बोलता बोलता मलाही कळलं की हे बरं दिसत नाही. त्यांनी वहीत नोंद केली आणि मला वाचून दाखवली, 'रहिवासी सहकार्य करीत आहे. खुलासा पटण्याजोगा नाही.' सव्वीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाबद्दल हे वाक्य सरकारी वहीत गेलं. मी त्या रात्री जेवलो नाही. म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

आठ दिवसांनी आदेश आला. दोष आढळला नाही, परंतु तक्रारही मागे घेतलेली नाही. सबब बंकरची पूर्ण भरती चाचणी घ्यावी. सर्व तेवीस रहिवाशांनी आत बसावं, दार एक तास बंद राहील, दोन चाळीसला दोन मिनिटं वीज तोडून हाताच्या पंख्याची परीक्षा होईल. गैरहजर राहणाऱ्याची नोंद घेतली जाईल. तारीख, शनिवार, वीस ऑक्टोबर, दुपारी दोन.

बाईंचा कार्यक्रम त्याच दुपारी अडीचला. सकाळी हॉलमध्ये बुद्धिबळाची स्पर्धा, आणि रविवारी बाईंना शहरातल्या इस्पितळात दाखल व्हायचं होतं. मी नगरपालिकेत जाऊन तारीख बदलायला सांगितलं. त्यांनी माझं नाव विचारलं, वही उघडली, आणि 'पटण्याजोगा नाही' हे मला उलट्या बाजूनंही वाचता आलं.

"ट्यूबाशिवाय वाजवू," ओथमार म्हणाला. "तसाही एकच तर सूर आहे."

त्यानं हे सहज म्हटलं. मला ते इतकं झोंबलं की माझं मलाच नवल वाटलं. पंधरा दिवसांपूर्वी मीच त्या सुराची टिंगल करत होतो.

बाईंना सांगायला मी एकटा गेलो. त्या सामानाची बॅग भरत होत्या. मी सगळं सांगितलं, उजव्या बाजूला उभं राहून, मोठ्यानं. त्यांनी घडी घातलेला रुमाल उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

"तुझ्याशिवाय नको, एमिल," त्या म्हणाल्या. "मग राहू दे. अख्खं त्या सुरासाठीच लिहिलंय."

मी घरी आलो. मला बाईंचा राग आला होता, नगरपालिकेचा आला होता, फ्राऊ स्टायनेगरचा तर होताच, पण खरं म्हणजे सगळ्यात जास्त माझा स्वतःचाच आला होता. अकरा वर्षं त्या बाईंनी माझ्या एका सुरासाठी लिहिलं, आणि मी तो वाल्टीच्या भुवईवर वाजवणार होतो.

एल्सबेथनं आदेशाचा कागद उलटसुलट वाचला. ती बेकरीच्या पिशवीवरचंही सगळं वाचते.

"हा रकाना कसला आहे? 'भेटीस आलेल्या व्यक्ती, संख्या'?"

"पाहुणे असतील तर त्यांचीही मोजणी होते."

"मग पाहुणे बोलाव की! पाच. चार पेट्यांसकट, आणि एक बाई. लढाई काय पाहुणे घरी गेल्यावरच होते का?"

सत्तावीस वर्षांच्या संसारात मला तिचा असा संशय कधी आला नव्हता.

शनिवारी दोनला अठ्ठावीस माणसं बंकरमध्ये स्टुलांवर बसली. बाई पुढे, उजवा कान आमच्याकडे करून. त्यांच्या शेजारी हाताची घडी घालून फ्राऊ स्टायनेगर, आपल्या जर्दाळूच्या मुरंब्यावर लक्ष ठेवता येईल अशा बेतानं. बुखली पंख्याच्या दांड्याशी. हेर ग्लाउझर घड्याळ घेऊन दाराशी.

"वाद्यांना हरकत?" त्यांनी स्वतःलाच विचारलं, आदेश चाळला, आणि उत्तर सापडलं नाही म्हणून गप्प बसले. सिमेंटचं दार लागलं.

मजा म्हणजे त्या दिवशी फ्रिडोलिन वेळेवर आला होता. बाईंनी त्याला दाराशी बघून विचारलं, "बरं नाही का तुला?"

अडीचला आम्ही फुंकायला सुरुवात केली. सगळ्यांनी आधी छतातल्या नळीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"हाच!" फ्राऊ स्टायनेगर ओरडली. "हाच तो आवाज! धाप!" आणि मग, एकदम हळू आवाजात, "अगंबाई. ही माणसं आहेत होय?"

ग्लाउझरांनी वही काढली, पण लिहिलं काही नाही.

पुढे ट्रम्पेटं एकमेकांना ढोपरं मारू लागली. बोळ्यातून ट्रॉम्बोन पुटपुटला. हॉर्न मागून धावत आला. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी कान झाकले, मग एक उघडला. मी ट्यूबा मांडीवर घेऊन बसलो होतो आणि बाईंकडे बघत होतो. त्यांचे ओठ हलत होते. त्या मोजत होत्या. चौथीत पाढे म्हणून घेताना हलायचे तसेच. त्यांच्या चेहऱ्यावर शिक्षा देणाऱ्या माणसाचं काही नव्हतं.

अठ्ठेचाळिसाव्या आवर्तनाला फ्रिडोलिनचा शेवटचा सूर आला, म्हणजे त्याच्या नेमाप्रमाणे किंचित नंतर आला. आता सोळा आवर्तनं सगळे गप्प, मग मी. मी वाल्टीच्या भुवईकडे वळलो.

दोन चाळीस झाले. ग्लाउझरांनी वीज तोडली.

बंकरमधला अंधार हा साधा अंधार नसतो. भुवई गेली. वाल्टी गेला. माझे स्वतःचे हात गेले. बुखलींनी पंखा फिरवायला घेतला, घर्र, घर्र, आणि मला घाम फुटला. पळून जायचं तर दार सिमेंटचं. कुणी काही पुटपुटेना. त्या वाचाळ वाल्टीनंही नेमकं त्याच दिवशी तोंड बंद ठेवलं.

मी मोजायला लागलो. एक. दोन. पंख्याच्या लयीनं मोजू नको, एमिल, तो वेगळा आहे. तीन. चार. सातावर कुणीतरी शिंकलं. नववं झालं की दहावं? कुणाला विचारणार? आयुष्यात पहिल्यांदा मला शेजारी कुणी नव्हतं. बाई तिथे कान देऊन बसल्या आहेत, परवा कदाचित तो कान नसेल, आणि मी काहीच न वाजवता बसलो तर त्या अंधारात थांबूनच राहतील. बारा. तेरा. बहुतेक तेरा. मग माझ्याच्यानं राहवेना. मी छाती भरून घेतली आणि सूर सोडला.

तो सूर भिंतींतून फिरला. स्टुलं थरथरली. फळीवरच्या सगळ्या बरण्या एकमेकींना लागून किणकिणल्या, अगदी हलकं, आणि तो सूर संपल्यावरही थोडा वेळ किणकिणत राहिल्या.

वीज आली. बाईंनी हात अजून कानामागे धरला होता.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आपल्याला तशी परवानगी आहे का हे कुणाला माहीत नव्हतं. मी उठून बाईंच्या उजव्या बाजूला गेलो.

"दोन आवर्तनं लवकर आलास," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"चूकच झाली ती."

"हो, बाई."

"अंधारात वाल्टीची भुवई दिसत नाही ना? तू चौथीतही तिकडेच बघायचास." त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात थंड होता. "वर्गात चाळीस मुलं होती. सगळी एकदम ओरडायची, मी सगळ्यांना एकदम गप्प करायची. कोण काय आहे ते ऐकायचंच राहून गेलं. बाकीच्यांचं मला आठवत होतं. तुझा स्वतःचा आवाज कसा आहे, तेवढं कळलं नव्हतं."

तेवढ्यात ग्लाउझर वही घेऊन आले आणि म्हणाले, हवा उत्तम आहे, फक्त दोन चाळीस ते दोन बेचाळीसच्या दरम्यान एक मोठी धाप नोंदवली आहे, तिचं कारण काय लिहू? मी म्हणालो, "लिहा, हुन्झिकर." त्यांनी लिहिलं.

सोमवारी ऑपरेशन झालं. एल्सबेथनं बेकरीतून बातमी आणली, कान निम्मा वाचला, वरचे आवाज गेले, खालचे तेवढे ऐकू येतात. वाल्टी भेटायला गेला तर बाईंना त्याचं एक अक्षर ऐकू आलं नाही आणि त्या फार प्रसन्न दिसत होत्या म्हणे. शुक्रवारी मला इस्पितळातून पाकीट आलं. आत चौतीस सालचा माझा नकाशा होता, घडीवर पिवळा पडलेला. एवढी वर्षं बाईंनी तो कशासाठी ठेवला असेल, याचा मी अजून विचार करतोय. वर लाल शाईतला जुना एक खोडून शेजारी नवा चार लिहिला होता. चारला आमच्याकडे पास होतो.

मी तो चौकटीत घालून दाराजवळ लावला. बुधवारी फ्राऊ स्टायनेगर धुलाईघराची किल्ली द्यायला आली. किल्ली हातात तशीच ठेवून ती चौकटीकडे गेली, चष्मा लावला आणि बर्नच्या वरच्या अंगाला बोट ठेवलं.

"हेर हुन्झिकर, इथे तळं कुठलं? माझं माहेर तिथलं आहे. मी तर कधी बघितलं नाही."

तिच्या आवाजात तोच जुना संशय होता. मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, त्या काळची पाणथळ जमीन वगैरे.

"नाहीच आहे तिथे तळं," मी म्हणालो. "वाल्टीचं बघून काढलं होतं."